चार शब्द, सहा मिनिटं

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हांला लोकमान्य टिळकांविषयी चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती."

१ ऑगस्टच्या सकाळी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून हे वाक्य म्हटलं जातं. चौथीत असताना मीही ते एका दमात म्हटलं. पुढे रत्नागिरी आली, २३ जुलै १८५६ ही तारीख आली, तीही निभावली. मग शेंगा आल्या. वर्गात टरफलं पडली होती, गुरुजी आत आले, आणि तिथे माझं भाषण थांबलं. माझ्या आधी पाच जणांनी हीच टरफलं सांगितली होती, त्यामुळे समोर बसलेल्या प्रत्येक पोराला पुढचं वाक्य येत होतं. मला तेवढं येत नव्हतं. पहिल्या रांगेतून कुणीतरी ते पुटपुटलंही, पण तोवर माझे कान इतके तापले होते की काही ऐकू येईना. 'जय हिंद, जय महाराष्ट्र' म्हणून मी खाली उतरलो आणि पुढची सत्तावीस वर्षं माईकच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. लग्नकार्यात आभार मानायची वेळ आली की मोठ्या भावाला पुढे करायचं, ऑफिसातल्या निरोपसमारंभात फोटो काढायचं काम मागून घ्यायचं, असा माझा रिवाज होता.

हा रिवाज वडिलांच्या एकसष्टीला मोडला. म्हणजे तेव्हाही बोलला भाऊच. पण त्याने जी आठवण सांगितली ती माझी होती. दहावीच्या पहिल्या पेपरला मी हॉल तिकीट घरी विसरलो होतो आणि वडील ते घेऊन सायकलवरून परीक्षा केंद्रावर आले होते. भाऊ त्या दिवशी गावातही नव्हता. त्याने ती गोष्ट इतकी छान सांगितली की मावशीने डोळे पुसले, आणि मी कोपऱ्यात कॅमेरा धरून उभा. त्या महिन्यात एका मित्राच्या मागे लागून मी टोस्टमास्टर्सच्या एका क्लबात जाऊन बसलो. तिथून पुढे मराठीत चालणाऱ्या या क्लबात आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या क्लबाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याची माझी लायकी एवढीच.

पुस्तक जरा वेगळं आहे. यात थोरांची गाजलेली भाषणं नाहीत. क्लबातल्या सदस्यांची पहिली भाषणं आहेत, बोलली तशी, रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलेली. वाक्यं अर्धी राहिली आहेत तिथे ती अर्धीच छापली आहेत. प्रत्येक भाषणाखाली किती मिनिटं लागली, घंटा किती वेळा वाजली आणि मूल्यमापन करणारा काय म्हणाला, ते दिलं आहे. असं पुस्तक छापायला धीर लागतो, आणि तो संपादकांपेक्षा त्या सदस्यांनी जास्त दाखवला आहे.

नावाचं आधी सांगून टाकतो, कारण नवीन आलेला माणूस हटकून विचारतो. टोस्टमास्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बेकरीतला, चहात बुडवून खायचा टोस्ट येतो. गंमत म्हणजे तो अगदीच चुकीचा नाही. जुन्या इंग्लंडात मद्याच्या पेल्यात भाजलेल्या पावाचा तुकडा घालत, त्यावरून पेला उंचावून कुणाच्या नावाने पिण्यालाच टोस्ट म्हणू लागले, आणि मेजवानीत कोण कधी बोलेल हे ठरवणाऱ्या, वक्त्यांची ओळख करून देणाऱ्या माणसाला टोस्टमास्टर. राल्फ स्मेडली नावाच्या अमेरिकन गृहस्थाला आपल्या मंडळात मेजवानीनंतरच्या गप्पांचं मोकळं वातावरण हवं होतं, म्हणून त्याने हे नाव घेतलं.

हा स्मेडली वक्ता म्हणून कुठे गाजलेला नाही. तो वायएमसीएमध्ये नोकरीला होता. इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी शिक्षणाचं काम पाहताना त्याच्या लक्षात आलं की तिथे येणाऱ्या तरुणांना चारचौघांत उभं राहून बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही. १९०५ मध्ये त्याने त्यांच्यासाठी पहिलं मंडळ काढलं. पुढे बदली होईल त्या गावी तो असं मंडळ काढत गेला आणि त्याने गाव सोडलं की बहुतेक ठिकाणी मंडळ मिटत गेलं. जवळजवळ वीस वर्षं हाच पाढा. अखेर २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात भरलेली सभा टिकली. १९३२ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि आज दीडशेच्या आसपास देशांत तिचे क्लब आहेत. मला यात त्या वीस वर्षांचं अप्रूप वाटतं. पहिलं भाषण फसल्यावर गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्याला तर जास्तच.

या संस्थेच्या इतिहासात एक होमर ब्लँचर्ड आहे, त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७३ पर्यंत संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. १९७० मध्ये एका क्लबाने हेलेन ब्लँचर्ड या बाईंना सदस्य करून घ्यायचं ठरवलं, आणि कागदोपत्री त्यांचं नाव लावलं होमर. तीन वर्षांनी नियम बदलला तेव्हा होमरची पुन्हा हेलेन झाली, आणि १९८५ मध्ये याच बाई संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. आमच्या क्लबात आज निम्म्याहून जास्त बायका आहेत. एखादी जण 'मला कुठे जमतंय' म्हणाली की कुणीतरी होमरची गोष्ट काढतंच.

आता कुणी म्हणेल, भाषण शिकायला अमेरिकेच्या तळघरात कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. सांता आनाच्या एकोणपन्नास वर्षं आधी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या सभेचं नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. नावातच सगळं आलं. तेव्हापासून गावोगावी व्याख्यानमाला झाल्या, आणि शिवरामपंत परांजप्यांपासून प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांपर्यंत एकाहून एक वक्ते मराठी माणसाने सतरंजीवर बसून ऐकले. त्याआधी कीर्तन होतंच. पण या सगळ्या थाटात आपण मुख्यतः श्रोते झालो, आणि श्रोते म्हणून फार चोखंदळ झालो. मंचावर चढायचं ते तयार माणसाने, जिभेवर सरस्वती असलेल्याने, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की अडखळणाऱ्या माणसाने कुठे उभं राहायचं याची सोय आपण केलीच नाही. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा ही ती सोय नव्हे. तिथे मुलगा विसरला की हशा आणि पाठ केलेला पोपट बोलला की चषक. आचार्य अत्र्यांसारख्या सभा गाजवणाऱ्या माणसाने आपल्या आत्मकथनपर पुस्तकाला नाव दिलं 'मी कसा झालो'. होतो कसा, हा प्रश्न आपण त्यांच्या सभेतून घरी परतताना कधी विचारला नाही.

क्लबाने केलं काय, तर चुकायला हक्काची जागा दिली, आणि तीही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा. माझ्या मते क्लबाचं सगळं मोल यातच आहे. बाकीचा मोठा भाग सरंजाम आहे. पण तो सरंजाम कसा चालतो हे सांगायला हवं, नाहीतर पुढची भाषणं वाचताना लाल कार्ड आणि घंटा कुठून आली हे कळायचं नाही.

सभा दीड-दोन तासांची असते. त्या दिवसाचा सूत्रधार वक्त्यांना एकेक करून बोलावतो आणि हातात हात देऊन मंच सोपवतो. मंच क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही हा दंडक. तयारीची दोन किंवा तीन भाषणं होतात. मग उत्स्फूर्त बोलण्याची फेरी, ज्यात विषय ऐनवेळी मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. 'तुमच्या छत्रीचं मनोगत' असा विषय मिळालेला एक बँक अधिकारी छत्रीच्या व्याजदरात शिरलेला मी पाहिला आहे. शेवटी मूल्यमापन. प्रत्येक भाषणावर एकेक जण दोन-तीन मिनिटं बोलतो, म्हणजे परीक्षकाचंही भाषणच होतं, आणि त्यालाही घड्याळ असतं. एक जण वेळ धरतो, एक जण भाषेकडे कान देतो, आणि एक जण 'अं', 'म्हणजे', 'बेसिकली' मोजतो. या मोजणाऱ्याला इंग्रजी क्लबांत आह-काउंटर म्हणतात. आमच्याकडे नुसतं "आज घंटेवर कोण?" असं विचारतात.

पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं, चार ते सहा मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला हिरवं कार्ड, पाचव्याला पिवळं, सहाव्याला लाल. लाल दिसल्यावर अर्धा मिनिट सवलत. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. पण 'दोनच मिनिटं घेतो' म्हणून पाऊण तास बोलणारे प्रमुख पाहुणे ज्याने भोगले आहेत, त्याला त्या लाल पुठ्ठ्याच्या तुकड्याची थोरवी सांगायला नको.

तयारीविषयी सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण पुस्तकात दिसतं ते भाषण, तयारी दिसत नाही. मी माझ्यावरूनच सांगतो.

माझ्या पहिल्या भाषणाचा पहिला खर्डा फुलस्केपची सहा पानं भरला. जन्म, गाव, शाळा, शाळेतली ती टरफलं, कॉलेज, नोकरी, छंद. मी साधारण मिनिटाला शंभर शब्द बोलतो, म्हणजे सहा मिनिटांत सहाशे शब्द फार झाले, आणि माझ्या खर्ड्यात ते चौदाशे होते. क्लबात नव्या सदस्याला एक जुनं माणूस जोडून देतात. मला मिळाल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी सहाही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही चरित्र लिहिलंयत. मला तुमच्या आयुष्यातला एक मंगळवार सांगा ना." हॉल तिकिटाचा दिवस सोमवार होता की मंगळवार ते आठवत नव्हतं, पण विषय मिळाला.

मग प्रश्न मांडणीचा. इंग्रजी पुस्तकं सुरुवात, मधला भाग, शेवट असे तीन कप्पे सांगतात. मला त्यापेक्षा कीर्तनाची पद्धत उपयोगी पडली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका पदाचं निरूपण असतं, उत्तररंगात त्याला धरून आख्यान. विचार एक, गोष्ट एक, आणि दोघांची गाठ घट्ट. सहा मिनिटांत याहून जास्त मावत नाही. माझ्या कागदावर शेवटी वर एक ओळ राहिली, की वडील कधी बोलून दाखवत नसत, आणि खाली ती सायकल. बाकी चार पानं गेली. त्यात एक फार चांगला विनोद होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

लिहिलेलं बोलून पाहिलं तेव्हा कळलं की आपण डोळ्यांसाठी लिहितो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, त्याची नजर पुढे जाऊन परत येते. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापद येईपर्यंत सगळं ओझं डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. 'तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीला असलेल्या आणि रजा मिळणं अवघड असलेल्या माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सायकलवरून ते तिकीट' इथपर्यंत आलो तरी तिकिटाचं काय केलं हे श्रोत्याला कळलेलं नाही. तेच, 'वडिलांची पहिली पाळी होती. रजा मिळत नसे. शेजाऱ्यांची सायकल मागून आणली आणि निघाले.' लेखक म्हणून मला ही तुटक वाक्यं आवडली नाहीत. ऐकणाऱ्याला आवडली. 'सदर', 'तद्नंतर', 'उपरोक्त' हे शब्द मी सरकारी पत्रांना परत केले.

पाठ करावं की करू नये यावर आमच्या क्लबात दोन तट आहेत आणि ते मिटण्यातले नाहीत. माझं म्हणणं असं, की पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ असावीत, झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी. मधल्या भागाच्या फक्त खुणा लक्षात ठेवाव्यात, घाटातल्या वळणांसारख्या. संपूर्ण पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की माणूस दरीत जातो. माझी टरफलं तशीच गेली होती. तालीम उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावी, मनातल्या मनात केलेली तालीम हिशेबात धरू नये. मनात आपण अतिशय उत्तम बोलतो. मी हेल्मेटच्या आत तालीम करायचो, सिग्नलला शेजारचे रिक्षावाले बघत. घरी कुकरच्या तीन शिट्ट्यांत भाषण बसवायचा एक प्रयोगही केला, तो भाताच्या दृष्टीने वाईट गेला.

फोनवर भाषण रेकॉर्ड करून ऐकावं, असं सगळे सांगतात, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर सगळ्यांना आपला आवाज परका, बारीक, जरासा केविलवाणा वाटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एरवी आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो, आणि हाडं तो जरा भारदस्त करून देतात. जगाला मात्र आपण कायम त्या रेकॉर्डिंगसारखेच ऐकू येत आलो आहोत, आणि तरीही लोक आपल्याशी बोलतात.

भीतीचं काय, हा प्रश्न राहतोच. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. शरीराच्या लेखी समोर वाघ आणि समोर वीस माणसं यांत फारसा फरक नसतो, आणि ते आपलं पळण्याची तयारी करत राहतं. यावर जप, प्राणायाम, सभागृहातले लोक म्हणजे कोबीचे गड्डे समजणे, असे अनेक तोडगे ऐकले. मला खरा उपयोग एका प्रयोगाचा झाला. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपली घालमेल समोरच्याला स्पष्ट दिसते आहे असं बोलणाऱ्याला वाटतं, प्रत्यक्षात ती त्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ कमी दिसते. त्यांनी काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी एवढीच गोष्ट समजावून सांगितली, आणि त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं आणि पाहणाऱ्यांनाही. मी हे वाचल्यावर पुढच्या सभेत खात्री करून घेतली. उतरल्यावर चौघांना विचारलं, "माझे पाय कापत होते ते दिसलं?" चौघेही म्हणाले, "पाय कुठे होते?" पोडियममागे होते. तरी मुद्दा तोच. एक सूचना मात्र देतो: हातात पातळ कागद धरू नका. हाताचं थरथरणं कागद दसपटीने सांगतो. पुठ्ठ्याचं कार्ड घ्यावं, ते गप्प राहतं.

या पुस्तकात एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं भाषण आहे. तीस वर्षं भरलेल्या गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता, त्यांचा आवाज पंचवीस माणसांपुढे मंचावर बसला. चार मिनिटंही झाली नाहीत, हिरवं कार्ड दिसायच्या आत ते थांबले. मूल्यमापन करणाऱ्या मुलीने, ती त्यांच्या नातीच्या वयाची, त्यांना विचारलं, "काका, गाडीत तुमच्या हातात काय असायचं?" तिकिटांची पेटी. आणि इथे हात रिकामे. पुढच्या भाषणाला ते खरोखरच जुनी पेटी घेऊन आले आणि सात मिनिटं मागचा माणूस हलला नाही. ते दुसरं भाषण या पुस्तकात नाही, कारण नियम पहिल्याच भाषणाचा आहे. संपादकांशी मी यावर भांडलो आणि हरलो.

मूल्यमापन हा क्लबाचा कणा आहे, आणि तोच सगळ्यात लवकर वाकतो. पद्धत अशी सांगतात की आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. कडू गोळी गुळात. पण काही दिवसांनी लोक गूळच वाटत सुटतात. 'खूप छान, फक्त आत्मविश्वास थोडा वाढवा' हे मूल्यमापन नव्हे, ही वाढदिवसाची शुभेच्छा झाली. माझं पहिलं भाषण सहा मिनिटं बावन्न सेकंद चाललं, म्हणजे लाल कार्ड आणि वर सवलतही संपली. घंटा तेवीस वेळा वाजली, त्यातले एकोणीस 'म्हणजे' होते. पण लक्षात राहिलं ते मूल्यमापन करणाऱ्या गृहस्थांचं वाक्य. ते म्हणाले, "सायकलची चेन मला ऐकू आली. पण वडिलांनी फाटकातून तिकीट हातात दिलं तेव्हा तुम्ही घाईने पुढे गेलात. तिथे थांबायला हवं होतं." मी तिथे घाई केली कारण तिथे माझा गळा भरून आला होता. एकसष्टीला भाऊही त्याच ठिकाणी थांबला होता आणि मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. बोलणाऱ्याला दोन सेकंदांची शांतता दोन मिनिटांची वाटते, ऐकणाऱ्याला ती हवी असते, हे मला त्या दिवशी कळलं. जमायला आणखी दोन वर्षं लागली.

मराठी क्लबाची एक वेगळी अडचण आहे. भारतातले बहुतेक क्लब इंग्रजीत चालतात. कंपन्यांमध्ये असतात, आणि लोक बढतीच्या, मुलाखतीच्या ओढीने येतात. त्यात वाईट काही नाही, मीही तिथूनच आलो. पण इंग्रजीत अडखळलं तर भाषेवर ढकलता येतं. मराठीत अडखळलं तर ढकलायला कुणी उरत नाही. 'मला बोलता येत नाही' हे मातृभाषेत कबूल करणं जास्त जड जातं. आणि मग मातृभाषा कुणाची, हा प्रश्न येतो. एकदा भाषेकडे कान देणाऱ्या सदस्याने अकोल्याकडच्या एका मुलाच्या 'पानी'चं 'पाणी' करून दिलं, सभेत, नोंदवहीत मोजून. तो मुलगा पुढच्या दोन सभांना आला नाही. क्लबात यावर कडाक्याचं भांडण झालं. शेवटी आमच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, की गाडगेबाबा आपल्या सभेत बोलले असते तर त्यांच्या नावापुढे किती चुका मांडल्या असत्या? वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना उलटे प्रश्न विचारत, हजारोंच्या गर्दीला बोलतं करणारा तो माणूस. तेव्हापासून आमच्याकडे उच्चार मोजत नाहीत. अर्धवट सोडलेलं वाक्य मोजतात. तो मुलगा परत आला. त्याचं भाषण या पुस्तकात आहे आणि 'पानी' तसंच छापलेलं आहे.

क्लबावर माझी एक नाराजी आहे, ती इथे नोंदवतो, संपादकांनी छापली तर त्यांचा मोठेपणा. संस्थेची जागतिक वक्तृत्व स्पर्धा असते. २०१५ मध्ये ती सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी जिंकली, जे लहानपणी अडखळत बोलत. ते भाषण पाहावंच. पण ही भाषणं पाहून पाहून सगळीकडे एकच साचा पसरला आहे: दुःखद बालपण, कुजबुज, दीर्घ विराम, हात आभाळाकडे, मग बोध. आमचेही काही तरुण वडील गेल्याची गोष्ट सांगताना उजवा हात नेमक्या त्याच कोनात उचलतात. ज्या पोपटपंचीतून सुटायला इथे आलो, तीच दुसऱ्या दाराने आत येते आहे. पहिल्या भाषणात हे नसतं. तेव्हा माणसाला हात कुठे ठेवायचे हेच कळत नसतं, आणि म्हणून तो खरा असतो. हे पुस्तक पहिल्याच भाषणांचं करायचा हट्ट मला त्यासाठी पटला, कंडक्टरकाकांच्या बाबतीत हरलो तरी.

वाचकांना एक विनंती. ही भाषणं मनात वाचू नका. दार लावून घ्या आणि मोठ्याने वाचा, अर्धी वाक्यं अर्धीच सोडा, घड्याळ लावा. तीन-चार वाचून झाली की तुम्हांलाही एखादा मंगळवार आठवेल. आणि मग वाटलंच तर या क्लबात नाहीतर आपल्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या क्लबात या. भाषण तयार नसलं तरी चालेल. मागच्या खुर्चीवर बसून घंटा वाजवायला आम्हांला दर सभेला एक माणूस कमी पडतो.